डाळिंबाच्या बुंध्याची माती

रोपवाटिकेच्या फाटकाशी उभं राहून कुणी "हे एवढं झाड उपटून द्या हो" म्हणालं, की रोपवाले मामा ऐकलंच नाही असं दाखवत. गिऱ्हाईक पुन्हा तेच म्हणालं, की मग हातातली खुरपी खाली ठेवत आणि म्हणत, "उपटतात तो दात. नाहीतर गवत. झाड हलवतात."

चाळीस वर्षं मातीत गेलेला माणूस. नखांच्या कडेला काळी रेघ कायमची बसलेली. कितीही घासा, संध्याकाळपर्यंत पुन्हा हजर. त्यांची धाकटी बहीण त्या रेघेला 'दादाचं काजळ' म्हणायची. बहिणीची मुलगी त्यांना मामा म्हणे, म्हणून सगळी गल्लीच मामा म्हणू लागली. स्वतःच्या वयाचे लोकसुद्धा.

'ट्रान्सप्लांट' हा शब्द मामांना पहिल्यांदा भेटला तो बियांच्या पाकिटावर. तेव्हा ते विशीत होते. चित्राखाली बारीक अक्षरात सूचना होत्या आणि त्यात हा एक शब्द जाड ठशात होता. रोपं न्यायला एक मास्तर यायचे, त्यांना मामांनी पाकीट दाखवलं. मास्तर म्हणाले, "सोपं आहे. एका जागचं काढून दुसऱ्या जागी लावणं."

मामा दोन दिवस त्या अर्थावर विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी मास्तरांना रस्त्यात गाठून म्हणाले, "मास्तर, अर्थ अर्धाच सांगितलात. काढलं, लावलं आणि मेलं, तर तो शब्द चालेल का?"

"शब्दकोशात मरणाचं काही दिलेलं नाही बुवा."

"मग तो लिहिणाऱ्यानं कधी रोप लावलेलं नसणार."

तेव्हापासून मामांनी त्या शब्दाचा अर्थ स्वतःपुरता पूर्ण करून ठेवला होता. शेजारच्या चष्मेवाल्याने जागा बदलली आणि ऐटीत सांगितलं, "मामा, आम्ही दुकान ट्रान्सप्लांट केलं," तेव्हा मामांनी त्याला तिथेच थांबवलं. "दुकान हलतं. कपाट सरकतं. साहेबाची बदली होते. ट्रान्सप्लांट होतं ते फक्त जिवंताचं, आणि पलीकडे गेल्यावरही ते जिवंत राहावं लागतं. नाही राहिलं तर त्याला नासधूस म्हणायचं."

त्यांचे नियम ठरलेले होते. हलवायच्या झाडाला आदल्या दिवशी पोटभर पाणी. खोडावर पूर्वेच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा ठिपका, म्हणजे नव्या जागी तोंड त्याच दिशेला राहतं आणि झाड भांबावत नाही. मुळांभोवतीची स्वतःची माती तशीच सोबत न्यायची. मुळं खरवडून स्वच्छ करणाऱ्याला मामा दुसऱ्यांदा झाड देत नसत. आणि लावून झालं की ओढून बघायचं नाही. रुजलं का, रुजलं का म्हणून शेंडा धरून हलवणाऱ्या माणसाइतका झाडाचा वैरी दुसरा नाही.

एवढं सांगून झालं की मामा बोट वर करत. "लावणं माझं. रुजणं त्याचं."

हे सगळं बहिणीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. अठरा वर्षांपूर्वी आईचं घर सोडावं लागलं तेव्हा परसातलं डाळिंबाचं झाड मागे ठेवायला तिचा जीव धजेना. मामांनी दोन दिवस खणून, मातीच्या गोळ्यासकट ते गोणपाटात बांधलं. गोणपाटाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं बहिणीच्या. रोपवाटिकेच्या कोपऱ्यात झाड उभं राहिलं आणि आठव्या दिवशी त्याचं पान न् पान गळलं.

"दादा, सरपण झालं रे तुझं."

"हात लावू नकोस."

"नुसतं बघते, ओलं आहे का."

"तेच ते. ओढून बघणंच झालं. घरी जा."

त्रेचाळिसाव्या दिवशी बुंध्यापाशी लालसर कोंब दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा. बहीण शिवणकाम अर्धं टाकून आली होती, गळ्यात टेप तसाच. ती त्या कोंबापुढे काही न बोलता उभी राहिली. आयुष्यात ती गप्प राहिल्याचे प्रसंग मामांना बोटांवर मोजता येत होते, त्यातला हा एक.

तीच बहीण पन्नाशीत आजारी पडली. आधी पाय सुजू लागले. शिवणयंत्राच्या पायट्यावर पाऊल ठेवलं की कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडायचा. मग चेहरा सुजला, अन्नावरची वासना गेली. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. चार तास पडून राहायचं, अंगातलं रक्त यंत्रातून धुऊन परत घ्यायचं आणि घरी येऊन पिळलेल्या फडक्यासारखं निपचित व्हायचं. ब्लाउजांचे अर्धवट कापलेले तुकडे टोपलीत तसेच राहिले. मुलगी वाचनालयातली नोकरी सांभाळून तिची ने-आण करत होती.

एक दिवस डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं, "आता ट्रान्सप्लांटचा विचार करायला हवा."

मामा खुर्चीत सरळ झाले. आपल्या घरातलं माणूस परक्या गावात अचानक समोर यावं तसं त्यांना झालं. डॉक्टर समजावू लागले, की जवळच्या नात्यातल्या कुणाचं एक मूत्रपिंड काढून...

"माझं घ्या," मामा म्हणाले.

"अहो, पूर्ण ऐका तरी."

"अर्थ ठाऊक आहे मला."

बहीण मात्र भडकली. बाहेर येताच तिने भावाला धारेवर धरलं. "मी काय तुझी कुंडी आहे, हवं ते आणून लावायला? तुझं वय काय, काम काय! उद्या घमेलं उचलताना कोसळलास तर वहिनीला काय तोंड दाखवू?"

घरी वहिनी होतीच. तिने ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "दोन आहेत म्हणून एक वाटायला निघालात. मला नवरा एकच आहे, त्याचं काय?" मग दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना करून उठली आणि तिने मामांच्या तपासणीच्या कागदांना पिशवी शिवली. "कागद चुरगळतात तुमच्याकडून," एवढंच म्हणाली. परवानगी मिळाली ती अशी.

रक्तगट जुळला. पुढच्या सगळ्या तपासण्या जुळल्या. संमतीपत्रावर 'प्रत्यारोपण' असा शब्द होता. मामांनी तो बोट ठेवून वाचला, दोनदा वाचला आणि मान हलवून सही केली.

शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई मध्यमवयीन होत्या, कमी बोलणाऱ्या. पण मामांनी त्यांना प्रश्न विचारून विचारून बोलतं केलं.

"जुनी दोन काढून टाकणार का?"

"नाही. ती असतात तिथेच राहतात."

"मग नवीन कुठे?"

"पोटात खाली, उजव्या बाजूला, पुढच्या अंगाला."

"म्हणजे वाफाच वेगळा!"

बाई हसल्या. "तसं म्हणा."

"आदल्या दिवशी पाणी देता का?"

"तुम्हाला? भरपूर. शिरेतून."

मामांनी समाधानाने मान डोलावली. "आणि मुळं किती?"

"रक्त आणणारी एक, रक्त नेणारी एक आणि लघवीची नळी. तीन जोड."

पुढचा प्रश्न ओठांवर आला होता, पण तो विचारायची मामांना लाज वाटली. शिकलेल्या बाई; म्हणतील, काय हा अडाणीपणा. प्रश्न मातीचा होता. चौपन्न वर्षं एका अंगात राहिलेली वस्तू उघडीनागडी काढून परक्या अंगात ठेवायची, सोबत तिची काहीच माती नाही? त्यांना ते काही केल्या पटेना.

तो न विचारलेला प्रश्नच पुढे नडला.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी मामा डाळिंबापाशी गेले. बुंध्याजवळची मूठभर माती त्यांनी चाळून घेतली. बारीक बी पेरायची माती रोपवाले भाजून घेतात, तिच्यातली कीड-बुरशी मरावी म्हणून. मामांनीही ती भाजली. वहिनीच्या तव्यावर.

"अहो, हे काय चाललंय?"

"माती भाजतोय."

"दिसतंय. माझ्या तव्यात का, ते विचारतेय."

"स्वच्छ हवी आहे."

वहिनीने कपाळाला हात लावला. ती माती औषधाच्या रिकाम्या डबीत गेली, झाकण घट्ट बसलं, वर चिकटपट्टीचे तीन वेढे बसले. डबी मामांच्या चपलांच्या पिशवीत गेली. कशासाठी, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. मामांना पुरती शुद्ध आली तेव्हा बाई त्यांच्या पलंगाशी उभ्या होत्या. टोपीचा वळ अजून कपाळावर होता.

"तुमचं मूत्रपिंड जोडलं तेव्हा पांढुरकं पडलेलं होतं," त्या म्हणाल्या. "रक्त सोडलं आणि बघता बघता गुलाबी झालं. टाके पूर्ण व्हायच्या आत लघवी सुरू झाली, तिथेच, टेबलावर."

"तिथेच?"

"तिथेच."

मामा छताकडे बघत राहिले. डाळिंबाला त्रेचाळीस दिवस लागले होते. इथे त्यांच्याच अंगातला तुकडा, त्यांना ठाऊकही नसताना, दुसऱ्या खोलीत दुसऱ्या जिवात जागा झाला होता. टाके ओढले जात होते तरी त्यांनी हात जोडले. बाईंना वाटलं आपल्याला जोडले. तसे ते होतेही, पण पुरते त्यांच्यापाशी थांबले नव्हते.

बहिणीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. शरीर परक्या वस्तूला हाकलून देऊ नये म्हणून त्याची राखण करणारी ताकद औषधांनी निजवलेली असते. अशा वेळी साधी धूळही वैरी. दारावर पाटी होती, 'फुले व खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत.' त्या दारावर मोठ्या नर्सबाईंचं राज्य होतं. मामांनी भाचीला पहिल्या तीन दिवसांत इतक्यांदा "आकडा किती आला?" विचारलं, की भाचीने आईला सांगितलं आणि आईने आतून निरोप धाडला, "म्हणावं, ओढून बघू नकोस."

आकडा म्हणजे रक्तातल्या घाणीचा. साडेआठवरून तो दोनाखाली आला होता.

चौथ्या दिवशी घरी सोडण्याआधी मामांना पाच मिनिटं आत जायला मिळालं. हात कोपरापर्यंत धुवून, अंगरखा, टोपी, मुखपट्टी. बहिणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे हसले.

"दादा, काजळ कुठे गेलं?"

"घासायला लावलं नर्सबाईंनी. ब्रशने. पंधरा मिनिटं."

"तुझे हात आईसारखे आहेत रे. आजवर दिसलेच नव्हते."

तिने पाणी पिण्यासाठी तोंड वळवलं, तेवढ्यात त्यांनी अंगरख्याच्या आतून डबी काढली आणि पायाशी गादीखाली सरकवली. पाटीवर फुलं लिहिली होती, खाण्याचं लिहिलं होतं. मातीचं कुठे काय लिहिलं होतं? आणि भाजलेली होती ती. घट्ट बंद होती. नव्या जागी आपलं ओळखीचं काहीतरी जवळ असावं, एवढंच.

पाचव्या दिवशी दुपारी बहिणीला थंडी वाजून ताप भरला.

भाचीचा फोन आला आणि मामा टाक्यांवर हात दाबून दवाखान्यात पोचले. दाराबाहेर बाकावर बसले. आतून पांढरे अंगरखे ये-जा करत होते. उघड्या दारातून एक वाक्य त्यांच्या कानावर पडलं. "इन्फेक्शन कुठून आलं ते शोधा. सगळं तपासा."

मामांना डबी आठवली. पाण्याने आणि रंगाच्या ठिपक्याने हजारो झाडं जगवलेला माणूस. आणि सख्ख्या बहिणीच्या पायाशी आपण काय ठेवून आलो? मातीत जीव असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तीच गोष्ट ते आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते, अभिमानाने. त्यांनी डोळे मिटले आणि एकच मागणं मागितलं. परमेश्वरा, चूक माझी आहे, तिच्या खाती लावू नकोस.

मग ते उठले. गप्प बसणं सोपं होतं. गादीखालची डबी कुणाला कधी सापडली असती, कोण जाणे. पण "सगळं तपासा" म्हटलंय, तर सगळ्यात ती डबीही आली. मामा थेट मोठ्या नर्सबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"गादीखाली डबी आहे. मी ठेवली. तिच्यात माती आहे."

"काय आहे?"

"माती. झाडाची. भाजलेली."

नर्सबाई खुर्चीतून उठल्या. "मामा, तुम्ही तिला किडनी दिलीत की वैर काढलंत?" त्या तरातरा आत गेल्या. डबी चिमट्यात धरून बाहेर आणली, पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली. चादरी बदलल्या, पलंग पुसला, सगळं मामांच्या देखत. भाची बाकावर बसून रडत होती. तिने मामांना एक शब्द विचारला नाही, आणि तेच मामांना सगळ्यात जड गेलं.

संध्याकाळी शस्त्रक्रियावाल्या बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर पिशवी, पिशवीत डबी.

"का ठेवलीत?"

मामांनी सांगितलं. पाणी, ठिपका, मुळांभोवतीची माती, लाजेपायी पोटात राहिलेला प्रश्न, सगळं. बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"तुम्ही तिचा जीव धोक्यात घातलात," त्या शेवटी म्हणाल्या. "डबी बंद होती म्हणून बरं. ताप बहुधा लघवीसाठी बाहेरून घातलेल्या नळीपासून आहे, नमुना पाठवलाय, औषध सुरू केलंय. पण हिच्यापासून असता, तर मी काहीही करू शकले नसते. कळलं?"

"कळलं."

"पुन्हा असं काही वाटलं तर मला विचारायचं. कितीही वेडं वाटलं तरी."

"होय बाई."

बाईंनी चष्मा काढला. "आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मूत्रपिंडासोबत येणारी त्याची स्वतःची लघवीची नळी आम्ही कधीच खरवडून स्वच्छ करत नाही. तिच्याभोवतीचा मऊ थर तसाच ठेवून, सगळा गोळा उचलतो. बारीक बारीक रक्तवाहिन्या असतात त्यात. तो थर काढला, तर नळी महिन्याभरात वाळून जाते. नव्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवते."

मामा टेबलावर पुढे वाकले.

"म्हणजे माती नेली होती?"

"नेली होती. तुमच्याच अंगातली."

मामा डबीकडे बघून म्हणाले, "मग हिची गरजच नव्हती."

"नव्हती."

त्यांना त्या क्षणी काय वाटलं ते त्यांनी पुढे वहिनीला सांगायचा बराच प्रयत्न केला. एक बाई मोठमोठी पुस्तकं शिकून जिथे पोचली होती आणि एक माणूस उकिडवा बसून, खुरपीने, जिथे पोचला होता, ती जागा एकच निघाली. तिथे आधीपासून कुणीतरी हे सगळं मांडून ठेवलेलं होतं. कुणी, हे बाईंनी म्हटलं नाही, मामांनीही नाही.

नमुन्याचा निकाल आला. दोष बाहेरून घातलेल्या नळीचाच होता. तरी दोन दिवस ताप चढत-उतरत राहिला आणि ते दोन दिवस मामा बाकावरून हलले नाहीत. आकडा त्यांनी एकदाही विचारला नाही. तिसऱ्या दिवशी नर्सबाईच बाहेर आल्या. "ताप नाही. आकडा एक पूर्णांक दोन. विचारत नाही म्हणून सांगतेय, नाहीतर चुकल्यासारखं वाटतं." सुट्टीच्या दिवशी त्यांनी पिशवी मामांच्या हातात ठेवली. "तुमचा माल. दाराबाहेर जाऊन उघडा. लांब."

मामा लांबच गेले.

सहा महिने झाले. बहीण पुन्हा शिवणयंत्रावर बसू लागली. रोज मोजून गोळ्या, आणि त्या जन्मभर. झोपवलेल्या राखणदाराला जागं होऊ द्यायचं नाही. माती, कुंड्या, पालापाचोळा वर्ज्य. मामा तिच्याकडे जाताना आधी दाराबाहेरच्या नळावर ब्रशने नखं घासत. ती शाळेतल्या बाईंसारखी दोन्ही हात पालथे-उताणे करून तपासायची, मगच आत घ्यायची.

एका सकाळी ती मुलीला घेऊन रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत आली. मुखपट्टी बांधलेली, फाटकाच्या बाहेर, चांगली दहा हात लांब. डाळिंब फुलावर होतं. मामांनी तिला दिसेल असं उभं राहून, डबीची चिकटपट्टी सोडवली आणि माती बुंध्याशी परत ओतली.

"काय रे दादा," ती फाटकातून ओरडली, "त्या ठिपक्याचं विचारलंस का बाईंना? माझ्यात लावताना तोंड कुठल्या दिशेला ठेवलं?"

"विचारलं."

"मग?"

"माझी डावी किडनी होती. तुझ्या उजवीकडे ठेवली. पुढची बाजू मागे."

"म्हणजे उलटी?"

"साफ उलटी."

बहीण हसायला लागली, मुखपट्टीच्या आतून, पोटाला एका बाजूने हात लावून. मामांनी बुंध्यावरच्या जुन्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत एकही झाड त्यांनी त्याच्याशिवाय हलवलं नव्हतं.

"तरी रुजली," ते म्हणाले. ते तिला म्हणाले, की झाडाला, की आणखी कुणाला, ते फाटकापर्यंत ऐकू गेलं नाही. तिने "काय?" म्हणून विचारलं, तर त्यांनी मातीने भरलेलं एक बोट तेवढं वर केलं.